दुसऱ्या चार्ल्सचे पलायन (१६५१)

इंग्लंडच्या यादवी युद्धातील अखेरची मोठी लढाई वूस्टर येथे ३ सप्टेंबर १६५१ रोजी झाली. तीत पराभूत झालेल्या दुसऱ्या चार्ल्सने सुमारे सहा आठवडे वेषांतर करून देशातच भटकंती केली आणि शेवटी फ्रान्स गाठला. हा प्रवास ‘दुसऱ्या चार्ल्सचे पलायन’ या नावाने ओळखला जातो. येथील तारखा तत्कालीन इंग्लंडमधील ज्यूलियन पंचांगानुसार आहेत. यूरोपातील बहुतेक कॅथलिक देशांत रूढ असलेले पंचांग त्याच्या दहा दिवस पुढे होते. त्यामुळे काही ग्रंथांत लढाईची तारीख १३ सप्टेंबर अशी आढळते.

पहिल्या चार्ल्सचा जानेवारी १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे स्कॉटलंडचा राजा म्हणून अभिषिक्त झालेला त्याचा मुलगा स्कॉटिश सैन्यासह दक्षिणेत उतरला. मात्र संसदेच्या बाजूचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याचे सैन्य संख्येने जवळपास दुप्पट होते. पराभवानंतर चार्ल्सला पकडून देणाऱ्यास एक हजार पौंडांचे इनाम जाहीर झाले. सहा फुटांहून अधिक उंची असलेल्या माणसाला लपणे सोपे नव्हते.

४ सप्टेंबरच्या पहाटे तो श्रॉपशरमधील व्हाइट लेडीज या जुन्या मठाच्या वास्तूत पोहोचला. तेथे पेंडरेल या स्थानिक कॅथलिक कुटुंबातील बंधूंनी त्याचे केस कापले आणि त्याला शेतकऱ्याचे कपडे दिले. सेव्हर्न नदी ओलांडून वेल्समध्ये जाण्याचा बेत होता, पण नदीवर पहारा असल्याने मागे फिरावे लागले. ६ सप्टेंबरचा दिवस त्याने कर्नल विल्यम केअरलेससह बॉस्कोबेल येथील एका ओक वृक्षावर काढला. राजाच्या कथनानुसार तीन-चार वर्षांपूर्वी छाटल्यामुळे हे झाड पुन्हा फुटून इतके दाट झाले होते की आरपार दिसत नसे.

या पहिल्या टप्प्याचे यश मुख्यतः कॅथलिक कुटुंबांचे आहे, आणि ते पुरेशा स्पष्टपणे नोंदवले जात नाही. कॅथलिक उपासनेवर कायद्याने बंदी असल्याने या घरांत धर्मगुरूंना दडवण्यासाठी चोरखोल्या होत्या आणि तोंड बंद ठेवण्याची सवय पिढ्यांची होती. बॉस्कोबेल व मोझली या दोन्ही घरांत राजाला अशाच चोरखोल्यांत आसरा मिळाला. मोझली येथे भेटलेले धर्मगुरू जॉन हडलस्टन यांनीच १६८५ मध्ये मृत्युशय्येवरील चार्ल्सला कॅथलिक पंथात घेतले.

पुढे राजपक्षीय कुटुंबातील जेन लेन हिच्याजवळच्या प्रवास-परवान्याचा उपयोग झाला. तिचा नोकर ‘विल जॅक्सन’ बनून राजा ब्रिस्टलजवळील ॲबट्स ली येथे गेला. चारमथहून जहाज मिळवण्याचा प्रयत्न फसला. अखेर राजपक्षीय कर्नल गंटरच्या खटपटीने कोळशाची वाहतूक करणारे ‘सरप्राइज’ हे छोटे जहाज ठरले आणि १५ ऑक्टोबरच्या पहाटे ते शोरहॅमहून निघाले. दुसऱ्या दिवशी राजा फेकाँ येथे उतरला.

साधनांविषयी सावधगिरी हवी. राजाने रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सला सांगितलेला सविस्तर वृत्तांत १६८० चा, म्हणजे घटनेनंतर २९ वर्षांचा आहे. १६६० मध्ये राजा गादीवर परतल्यावर छापलेले वृत्तांत काळाने जवळचे असले, तरी त्यांवर विजयी पक्षाच्या उत्साहाची छाया आहे. दिवसांच्या क्रमासाठी स्थानिक साक्षीदारांचे वृत्तांत, तर राजाच्या मनःस्थितीसाठी पीप्सची नोंद अधिक उपयुक्त मानणे योग्य दिसते.

मुंबईच्या इतिहासात येणारा चार्ल्स हाच. १६६१ च्या विवाह-कराराने पोर्तुगालकडून मिळालेले मुंबई बेट त्याने १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले.

बॉस्कोबेलचा मूळ वृक्ष लोकांनी आठवण म्हणून फांद्या तोडून नेल्यामुळे नष्ट झाला. आज तेथे असलेला ओक त्याचा वंशज समजला जातो. खगोलज्ञ एडमंड हॅली याने दक्षिण आकाशातील एका तारकासमूहाला ‘चार्ल्सचा ओक’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते, ते पुढे प्रचारातून गेले.