संशयी गावकरी आणि भांडणारे प्लेयर: ऑनलाइन टेबलटॉपमागची पार्श्वभूमी

टेबलटॉप म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या मदतीने तोंडी गोष्ट रचत खेळायचे रोलप्लेइंग गेम, आणि ऑनलाइन म्हणजे तेच व्हॉइस कॉलवर. असं ऑनलाइन कॅम्पेन, म्हणजे बरीच सेशन चालणारी गोष्ट, चालवणाऱ्या कुठल्याही डीएमला (डंजन मास्टर, गोष्ट आणि बाकीची सगळी पात्रं सांभाळणारा) विचारा, हा सीन त्याच्याकडे एकदा तरी झालेला असतोच. पार्टी, म्हणजे प्लेयरांच्या कॅरेक्टरांचा गट, नवीन गावात शिरते, गावकरी नीट बोलत नाहीत, एक प्लेयर वैतागून खानावळवाल्याच्या गळ्याला सुरी लावतो, दुसरा प्लेयर म्हणतो अरे थांब माझा पॅलाडिन (सज्जन धर्मयोद्धा) हे बघत उभा राहणार नाही, मग डीएम गावचे शिपाई पाठवतो आणि पुढचा अर्धा तास व्हॉइस चॅटवर नुसती वादावादी. वरवर बघितलं तर हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, गावकऱ्यांचा संशय हा गोष्टीतला आणि प्लेयरांचं भांडण हे माणसांमधलं. पण पन्नासहून जास्त वर्षं दोन्ही एकमेकांत अडकलेत आणि ते का अडकले हे बघितल्याशिवाय आजचे उपाय कळत नाहीत असं माझं मत आहे.

मुळाशी गेलं तर गावकरी हेच प्लेयर होते. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉलच्या वॉरगेमवाल्या ग्रुपमध्ये एकाने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला, गावाचं नाव ब्राउनस्टाइन. नुसत्या फौजा हलवण्याऐवजी एकेका प्लेयरला गावातला एकेक माणूस दिला, कुणी गावचा प्रमुख, कुणी विद्यापीठाचा मुख्य, आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा. अपेक्षा अशी होती की एकेकाने येऊन रेफरीला आपली चाल सांगायची. झालं भलतंच, लोक आपापसात कारस्थानं करायला लागले आणि दोघांनी तर परस्पर द्वंद्वयुद्ध ठरवून टाकलं ज्याचे नियमच नव्हते. खेळ मांडणाऱ्याला वाटलं सगळं फसलं, आणि खेळणारे मात्र परत कधी म्हणून मागे लागले. म्हणजे संशयी गाव आणि प्लेयरांची जुंपणं दोन्ही एकाच रात्री जन्माला आलं.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ ला आला ते सगळ्यांना माहितीय, ते परत सांगत नाही. इथे महत्त्वाचा आहे तो रिअ‍ॅक्शन रोल. समोरचा कसा वागेल हे डीएमने दर वेळी मनाने ठरवण्याऐवजी दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. त्याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक सेटमध्ये हा तक्ता एकदम स्वच्छ आहे, २ आलं तर थेट हल्ला, ३ ते ५ हल्ल्याची शक्यता, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते ११ हल्ला नाही, १२ आलं तर एकदम दोस्ती. गणित बघा, ३६ पैकी १६ वेळा निकाल 'अनिश्चित', आणि थेट हल्ला किंवा थेट दोस्ती ३६ पैकी एकेकदाच. म्हणजे अनोळखी माणसाबद्दल सावध असणं ही खेळाने धरलेली नॉर्मल स्थिती होती. आज प्लेयर तक्रार करतात की तुझे सगळे गावकरी आमच्याकडे वाकड्या नजरेने का बघतात, तर जुन्या खेळात ते बऱ्याचदा फाशांनी ठरत होतं आणि डीएमवर राग काढायला जागा कमी होती.

गावकऱ्यांना संशय घ्यायला कारणंही दिलेली असायची. १९७९ च्या 'द व्हिलेज ऑफ हॉमलेट' या मॉड्यूलमध्ये (छापील तयार साहसात) आख्खं गाव घरोघर लिहिलंय आणि त्यातले काही साळसूद दुकानदार शत्रूचे हेर आहेत. त्याच्या आसपासच आलेल्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'मध्ये किल्ल्यात एक हसतमुख पुजारी राहतो, तो पार्टीबरोबर मोहिमेवर यायला तयार असतो आणि ऐन वेळी उलटतो, शिवाय अफवांचा तक्ता आहे त्यातल्या काही अफवा चक्क खोट्या. पण याच मॉड्यूल्सनी उलटी सवयही लावली. हॉमलेटमध्ये कुणाच्या घरी किती नाणी कुठे लपवलीत हे लिहिलंय, किल्ल्यातल्या लोकांना तर नावंसुद्धा नाहीत, आहे फक्त त्यांचा हुद्दा आणि लढाईचे आकडे. ज्या माणसाला नाव नाही आणि लढाईचे आकडे आहेत त्याला प्लेयर मारणारच. गावकरी संशयी असण्याआधी त्यांना लुटण्याजोगं बनवलं गेलं होतं हे फार कमी लोक बोलून दाखवतात.

आता तो वादग्रस्त परिच्छेद, ज्यावर अजूनही भांडणं होतात. १९७९ च्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात त्रासदायक प्लेयरचं काय करायचं यावर एक छोटा भाग आहे. लोकांच्या लक्षात राहिलंय ते एवढंच की आकाशातून निळी वीज पाडा, जादा राक्षस सोडा, कॅरेक्टरचा करिश्मा (लोकांवर छाप पाडायच्या गुणाचा आकडा) कायमचा एकाने कमी करा. जुन्या पद्धतीचा अभिमान असलेले लोक हे कौतुकाने सांगतात आणि नवीन लोक हेच वाक्य दाखवून म्हणतात बघा किती हुकूमशाही होती. दोन्ही बाजू तो भाग पहिल्यापासून वाचत नाहीत. त्यात सुरुवातीलाच सरळ लिहिलंय की जो आरडाओरडा करतो, मनाविरुद्ध झालं की रुसतो, पुस्तक पुढे करून हुज्जत घालतो त्याला कॅम्पेनमधून जायला सांगा किंवा परत बोलावू नका. मग बाकीच्या प्लेयरांचा दबाव वापरायचं सुचवलंय. वीज वगैरे येतं ते बाहेर काढण्याच्या अलीकडचं कडक पाऊल म्हणून. म्हणजे गोष्टीत शिक्षा देण्याआधी प्रश्न माणसांच्या पातळीवर सोडवा हा सल्ला तेव्हाही होता आणि पहिल्या नंबरावर होता.

तरीही मला तो परिच्छेद पूर्णपणे निर्दोष वाटत नाही, आणि कारण ती वीज नाही, कारण तो करिश्मा. विजेने झालेली इजा भरून निघते, गोष्ट पुढे जाते. करिश्मा मात्र त्याच रिअ‍ॅक्शनच्या निकालाला जोडलेला आहे, तो कमी झाला की अनोळखी माणूस तुमच्याशी कसा वागेल यावर कायमचा परिणाम होऊ शकतो. म्हणजे प्लेयर टेबलावर उद्धट वागला याची शिक्षा म्हणून यापुढे भेटणारा प्रत्येक गावकरी त्याच्या कॅरेक्टरशी थोडा जास्त आखडून वागू शकतो. गावकऱ्यांचा संशय हा प्लेयरला शिस्त लावायचा दंडुका झाला तो इथे, छापील स्वरूपात. पुढच्या कित्येक डीएमनी ते पुस्तक न वाचताही हेच केलं, प्लेयर त्रास देतो ना, मग गावचे शिपाई त्याच्या मागे लावा, दुकानदार भाव दुप्पट करेल, वेशीवर अडवतील. प्लेयरला बरोबर कळतं की हे गाव बोलत नाहीये, डीएम बोलतोय, आणि मग तो गावावर आणखी चिडतो, खून पाडतो, शिपाई वाढतात, आणि ज्या गोष्टीवर दोन मिनिटं बोलून मार्ग निघाला असता ती तीन सेशन चालते. करिश्मा कमी करायचा तो सल्ला चुकीचा होता असं मी ठामपणे म्हणेन.

अर्थात सगळा दोष डीएमचाही नाही, नियमांनीच ठिणग्या ठेवल्या होत्या. १९७८ च्या प्लेयरांच्या पुस्तकात सज्जनच असायला हवा असा पॅलाडिन आणि दुष्टच असायला हवा असा मारेकरी दोन्ही क्लास, म्हणजे कॅरेक्टरचे पेशे, आहेत. एकाने हा घेतला, दुसऱ्याने तो, की पहिल्याच दिवशी भांडण तयार, आणि दोघंही म्हणणार माझं कॅरेक्टर असंच वागेल. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मारेकरी हा क्लास काढून टाकला पण 'माझं कॅरेक्टर असंच वागेल' हे वाक्य काही गेलं नाही. मधल्या काळात १९८४ ला पॅरानॉइया नावाचा वेगळा खेळ आला, त्यात एकमेकांवर संशय घेणं आणि दगा देणं हाच खेळ, म्हणून प्रत्येकाला सहा क्लोन, एक मेला की पुढचा. तिथे भांडण होत नाही कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं आपण कशात शिरतोय, आणि मला वाटतं पूर्ण विषयातला सगळ्यात उपयोगी धडा तोच आहे.

ऑनलाइनचा भाग सुरू होतो तो टेक्स्टपासून. ईमेल, न्यूजग्रुप, चॅटरूम, मग पोस्ट टाकून खेळायची पद्धत. आवाज नाही चेहरा नाही, त्यामुळे कॅरेक्टर चिडलंय की माणूस चिडलाय हे कळायचं नाही, म्हणून डबल कंसात लिहिलेलं म्हणजे माणूस बोलतोय असा संकेत रुळला. १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या टेक्स्टवर चालणाऱ्या ऑनलाइन जगात एकाने इतरांच्या कॅरेक्टरांकडून त्यांच्या मर्जीविरुद्ध घाणेरड्या गोष्टी करवल्या. तो टेबलटॉप नव्हता, पण प्रश्न तोच होता, गोष्टीत झालेला अत्याचार खरा मानायचा का. ज्यांच्याबाबतीत झालं त्यांना तो खराच लागला, मोठी चर्चा झाली, शेवटी त्याला काढलं आणि नंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. गोष्टीच्या आत शिक्षा देऊन हे मिटणार नाही हे तिथे लोकांना फार महागात पडून समजलं.

इकडे टेबलटॉपमध्ये नियम उलट्या दिशेने चालले होते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने बोलण्याचंही स्किल केलं, म्हणजे फासा अधिक कॅरेक्टरचा आकडा ठरलेल्या संख्येपर्यंत गेला की जमलं, आणि २००३ च्या सुधारित नियमांत तक्ता असा की शत्रुत्वाने वागणाऱ्याला मित्र करायला ३५, उदासीन माणसाला मित्र करायला फक्त १५. एकदा कुणी आकडा वाढवून ठेवला की संशयी गाव एका मिनिटात खिशात. नियमात एक गोष्ट चांगली होती, हे फक्त एनपीसींच्या (डीएमने चालवलेल्या पात्रांच्या) वृत्तीसाठी आहे असं लिहिलेलं, दुसऱ्या प्लेयरच्या कॅरेक्टरला फाशांनी 'पटवता' येत नाही. ही ओळ कित्येक ग्रुपांनी वाचलीच नाही.

दुसऱ्या बाजूला स्वतंत्रपणे खेळ बनवणारे लोक भांडणाचा प्रश्न टेबलाकडे परत आणत होते. २००३ च्या एका पुरवणी पुस्तकातून 'लाइन्स अँड व्हेल्स' आलं, म्हणजे कुठली गोष्ट खेळात येणारच नाही आणि कुठली आली तर पडद्याआड. मग २०१३ च्या सुमारास एक्स-कार्ड, टेबलावर ठेवलेलं कार्ड कुणीही हात लावून सीन थांबवू शकतो, कारण द्यायची गरज नाही. ऑनलाइनमध्ये चॅटला फक्त एक्स टाइप करायचा किंवा डीएमला खाजगी मेसेज. यावर खूप लोक नाकं मुरडतात, खेळ नाजूक झाला म्हणतात. पण व्हिडिओ बंद असलेल्या कॉलवर समोरचा अस्वस्थ झालाय हे डीएमला दिसणार तरी कसं?

ऑनलाइन खेळायची टूल्स मग एकेक करून आली, फॅन्टसी ग्राउंड्स २००४ मध्ये, २०११ नंतर गुगल प्लसच्या हँगआउटवरचे खेळ, रोल२० २०१२ मध्ये, डिस्कॉर्ड २०१५ मध्ये, फाउंड्री २०२० मध्ये आणि त्याच वर्षी लॉकडाऊन. यातला खरा बदल नकाशे नाहीत, खरा बदल हा की लोक अनोळखी लोकांबरोबर खेळायला लागले. पूर्वी भांडण झालं तरी सोमवारी कॉलेजात तोच मित्र भेटायचा. आता एका क्लिकवर माणूस गायब, सर्व्हर सोडला, संपलं. मराठी ग्रुपांमध्ये पुण्यातले तिघं आणि न्यू जर्सीतले दोघं असा प्रकार असेल तर वेळेचा वेगळाच ताप, आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ, मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ सरकलं की कुणीतरी तासभर उशिरा येणार आणि चिडचिड गेममध्ये उतरणार.

टूल्समुळे गावकऱ्यांवरचा संशयही वाढला, हे कमी लोकांनी लिहिलंय. टेबलावर खानावळवाला म्हणजे डीएमचा आवाज. इथे त्याला टोकन (नकाशावरची सोंगटी) लागतं, चित्र लागतं, आणि ज्या म्हातारीला डीएमने छान चित्र शोधून लावलंय ती नक्की काहीतरी लपवतेय असं पार्टी धरूनच चालते. खानावळीचा भिंती-उजेडासकट नकाशा उघडला की सगळ्यांना वाटतं आता मारामारी. आणि फासे सगळ्यांसमोर पडतात. एकाने स्वतःच आपल्या कॅरेक्टरच्या शीटवर इनसाइट (समोरचा खोटं बोलतोय का ओळखायचं स्किल) क्लिक केलं, ३ पडले, डीएम म्हणाला तुला तो खरा वाटतो, की उरलेले चौघं लगेच तेच क्लिक करणार. जुन्या काळात असे फासे डीएम पडद्यामागे टाकायचा, आज रोल२० वर डीएमला एकट्याला दिसणारा रोल आहे, फाउंड्रीत टाकणाऱ्यालाही न दिसणारा रोल आहे, वापरायला हवेत. गुप्त मेसेजचंही तसंच. टेबलावर चिठ्ठी सरकवली तर सगळ्यांना दिसायचं काहीतरी शिजतंय, व्हिस्परमध्ये (खाजगी मेसेजमध्ये) तेही दिसत नाही, आणि तीन महिन्यांनी कळतं की चोर पहिल्या दिवसापासून पार्टीचं सोनं पळवतोय. कॅरेक्टरचा विश्वासघात मान्य होता, पण मित्र आणि डीएम मिळून तीन महिने लपवत होते हे लागतं.

सेशन झिरो, म्हणजे खेळाआधी बसून काय चालेल काय नाही हे ठरवणं, ही पद्धत आधीपासून होती पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत पुस्तकात त्या नावाने स्वतंत्र भाग आला तो २०२० च्या नोव्हेंबरमध्ये. आपसात मारामारी, चोरी, गुप्त मेसेज चालतील का हे तिथेच विचारायचं. आणि माझा आग्रह आहे की त्यातच गावाबद्दलही बोला, हे गाव सीमेवरचं आहे, मागच्या वर्षी इथे टोळीने घरं जाळलीत, लोक सावध असतील, याचा अर्थ तुम्ही चुकताय असा नाही. एवढं सांगितलं तरी निम्मी वादावादी होत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांत वृत्ती तीनच आहेत, मित्र, उदासीन आणि शत्रू. मन वळवायला १५ किंवा समोरच्याच्या इंटेलिजन्सचा आकडा यातलं जे मोठं असेल ते गाठायचं, आणि फसलं तर त्याच पद्धतीने परत प्रयत्न करायला साधारण २४ तास थांबायचं, डीएमला हवं तर तो वेळ बदलतो. ही थांबायची अट मला खूप आवडते, कारण चौघांनी ओळीने क्लिक करण्यावर त्यातून निदान काहीतरी आधार मिळतो. दोन प्लेयरांमध्ये खरंच बिनसलं असेल तर मात्र त्यासाठी कुठलाही आकडा नाही. तिथे सेशन थांबवून, गावच्या शिपायांना बाजूला ठेवून, दोघांशी आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलायचं, आणि ते चॅटवर टाइप करून नको, आवाजात बोला.