क्यूब लॅबमध्ये फुटतो, घरात राहत नाही

लातूरच्या एका इंजिनीअरिंगच्या पोराचा रात्री फोन आला. "सर, प्रोजेक्ट इन्स्टॉल करायलोय तर दिवसाचा डेटाच संपायलाय! एवढं सगळं माझ्या अ‍ॅपमध्ये जाणार का?"

नाही जाणार. निदान जायला नको.

१९९३चा भूकंप पाहिलेल्या आमच्या भागात स्लॅबची चौकशी जरा जास्तच होते. स्लॅबच्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे क्यूब भरतात, पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी लॅबच्या यंत्रात दाबून फोडतात. ते यंत्र कुणी घरात बसवत नाही. सॉफ्टवेअरलाही टेस्टपुरती लागणारी पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडचे तयार गठ्ठे, असतात. जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेजेस उतरवून देणारा प्रोग्राम, एनपीएम; त्यात ती 'डेव्ह डिपेन्डन्सीज'मध्ये लिहितात, जावाच्या मेव्हनमध्ये त्यांना 'टेस्ट' स्कोप लावतात, रस्ट भाषेच्या कार्गोतही त्यांचा कप्पा वेगळा.

वेगळा कशाला? समजा, प्रत्येक पॅकेजला ३ खरी आणि २ टेस्टची पॅकेजेस लागतात. सगळीच ओढली तर तीन पायऱ्यांत ५, २५, १२५ मिळून १५५ होतात. पण पॅकेज मॅनेजर टेस्टची पॅकेजेस फक्त तुमच्या प्रोजेक्टची घेतो, दुसऱ्यांची नाही. मग ५, १५, ४५, म्हणजे ६५. सर्व्हरवर चढवताना तुमचीही वगळली की उरतात ३९.

"टेस्टचंच तर सामान, त्यानं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी २०२४चं एक्सझेड प्रकरण आठवावं; एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं साधन. तिथला चोरदरवाजा टेस्टच्या फायलींतच दडवला होता. खंडेनवमीला लॅपटॉपला हळदीकुंकू वाहायला माझी ना नाही, पण त्यानं असलं काही सापडत नाही.

आता माझा आवडता घोळ. रस्टमधल्या लायब्ररीला 'फीचर्स' असतात, म्हणजे हवे तर चालू करायचे भाग. दोन पॅकेजेसना एकच लायब्ररी हवी असेल तर कार्गो ती एकदाच बांधतो आणि दोघांनी मागितलेली फीचर्स एकत्र चालू करतो. कल्पना करा, तुम्ही बोअरच्या मोटारीच्या ऑटोसाठी, म्हणजे मोटार आपोआप चालू करणाऱ्या पेटीसाठी, प्रोग्राम लिहिताय. त्या चिपवर ऑपरेटिंग सिस्टीम नाही, म्हणून लायब्ररीचं ऑपरेटिंग सिस्टीमवर विसंबणारं 'एसटीडी' फीचर तुम्ही बंद ठेवलंय. टेस्टच्या पॅकेजला मात्र तीच लायब्ररी 'एसटीडी'सकट हवी, कारण टेस्ट लॅपटॉपवर चालते. जुना कार्गो साधं बिल्ड करतानाही, म्हणजे कोडचा नुसता प्रोग्राम बांधतानाही, टेस्टची मागणी मोजायचा. तुम्ही बंद ठेवलेलं फीचर गुपचूप चालू व्हायचं आणि चिपसाठीचं बिल्ड कोसळायचं. चूक शोधायला जावं तर तुमच्या कोडमध्ये काहीच नाही! काय काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या कार्गोच्या भागाला रिझॉल्व्हर म्हणतात; २०२१मध्ये आलेल्या दुसऱ्या रिझॉल्व्हरनं हे थांबवलं. टेस्ट बांधायची नसेल तर तिची मागणी आता धरलीच जात नाही.

पण यातूनच एक तिढा निघतो. टेस्ट चालते तेव्हा ती लायब्ररी 'एसटीडी'सकट असते, चिपवर जाते ती 'एसटीडी'शिवाय. क्यूब एका मिश्रणाचा, स्लॅब दुसऱ्याच. म्हणून टेस्ट पास झाली तरी टेस्टचं सामान वगळून चिपसाठीचं बिल्ड वेगळं करून बघावंच लागतं.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. मोटारीच्या ऑटोपर्यंत त्यानं हं हं केलं, पुढे नुसतं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मग माझ्या डेटाचं काय, सर?"

टेस्टचं सामान त्याच्या लॅपटॉपवर लागणारच होतं. म्हटलं, एकदा कॉलेजच्या वायफायवर सगळं उतरवून घे; एनपीएम ते कॅशमध्ये जपून ठेवतो.