रक्ताच्या डागांचं विश्लेषण

गुन्ह्याच्या जागी रक्त कुठे पडलंय, डागांचा आकार काय, ते कुठल्या बाजूने आलेत, आणि जिथे पडायला हवं होतं तिथे का नाही, यावरून तिथे काय घडलं असेल ते शोधायची पद्धत म्हणजे ब्लडस्टेन पॅटर्न अ‍ॅनालिसिस, थोडक्यात बीपीए. रक्त कोणाचं ते यातून कळत नाही, त्यासाठी डीएनए टेस्ट. इथे प्रश्न एवढाच की ते तिथे आलं कसं.

हवेतला रक्ताचा थेंब जवळपास गोल असतो, चित्रात काढतात तसा टोकदार नसतो, कारण पृष्ठताण त्याला आवळून धरतो. सरळ वरून पडला तर डाग गोल उमटतो, तिरका आला तर लांबट, आणि शेपटी बहुतेक वेळा थेंब ज्या दिशेने चालला होता तिकडे. डागाच्या रुंदीला लांबीने भागलं की थेंब ज्या कोनात आदळला त्या कोनाचं साइन मिळतं, म्हणजे डाग ४ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर लांब असेल तर भागाकार ०.५, कोन ३० अंश, शाळेतलीच त्रिकोणमिती. असे बरेच डाग मोजून मागे रेषा न्यायच्या, पूर्वी भिंतीला खरेच दोरे चिकटवायचे, आता सॉफ्टवेअर आहे, आणि रेषा जिथे एकमेकींजवळ येतात तिथून रक्त उडालं असं धरायचं. पण थेंब काही सरळ रेषेत उडत नाही, गुरुत्वाकर्षणाने आणि हवेच्या रोधाने वाकतो, त्यामुळे दोऱ्याने काढलेली उंची खऱ्यापेक्षा जास्त निघू शकते, बसलेल्या माणसाला मार बसला असेल तर तो उभा होता असं वाटू शकतं.

डागांचे प्रकार बरेच आहेत. हत्यार मागे नेताना त्यावरचं रक्त छताला किंवा भिंतीला ओळीने उडतं, पण पहिल्या घावाच्या वेळी हत्याराला रक्त सहसा नसतंच, म्हणून ओळी मोजून फार तर किमान घाव किती ते सांगता येतं. धमनी कापली की नाडीच्या ठोक्याबरोबर उसळलेल्या रक्ताचा वेगळाच माग दिसतो. रक्ताळलेला हात किंवा कपडा टेकला की नुसता ठसा. डाग कडेने आधी सुकतो, त्यामुळे थोड्या वेळाने कोणी पुसला तरी बाहेरची कड राहून जाते आणि मधे वेळ गेला होता हे कळतं. आणि चारी बाजूंना शिंतोडे असून मधेच भिंत कोरी असली तर तिथे माणूस किंवा वस्तू होती, जी नंतर हलली.

युरोपात १८९५ मध्ये क्राकूव्हच्या (आज पोलंडमध्ये) एडुआर्ड पिओत्रोव्स्कीने सशांवर घाव घालून भिंतींवरचे शिंतोडे अभ्यासले, आज वाचवत नाही पण पद्धतशीर प्रयोगांची सुरुवात तीच मानतात. अमेरिकेत हा विषय गाजला तो डॉ. सॅम शेपर्डच्या केसमुळे. ४ जुलै १९५४ ला ओहायोत त्यांच्या पत्नीचा खून झाला, शेपर्डना शिक्षा झाली, आणि १९५५ मध्ये फोरेन्सिक तज्ज्ञ पॉल कर्क यांनी बेडरूमचे डाग बघून मत दिलं की मारणारा डावखुरा असावा, शेपर्ड उजवे होते. तेव्हा कोर्टाने ऐकलं नाही. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेपरवाल्यांच्या गोंधळामुळे खटला नीट चालला नाही म्हणून शिक्षा रद्द केली, आणि त्याच वर्षी फेरसुनावणीत ते सुटले. पुढे हर्बर्ट मॅकडोनेल या दुसऱ्या फोरेन्सिक तज्ज्ञाने १९७१ मध्ये रक्ताच्या डागांवर रिपोर्ट छापला, कोर्स सुरू केले, आणि आठवड्याभराचा कोर्स केलेले पोलीसही कोर्टात एक्स्पर्ट म्हणून उभे राहायला लागले. माझ्या मते घोळ इथेच सुरू झाला.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या डेव्हिड कॅमची केस. सप्टेंबर २००० मध्ये त्याची बायको आणि दोन मुलं घराच्या गॅरेजमध्ये गोळ्या घालून मारली गेली. त्या वेळी तो चर्चच्या जिममध्ये बास्केटबॉल खेळत होता असं सांगणारे बरेच साक्षीदार होते, तरी त्याच्या टी-शर्टवर आठ बारीक डाग सापडले. सरकारी बाजूचे तज्ज्ञ म्हणाले गोळी लागताना उडालेले शिंतोडे, बचावाचे तज्ज्ञ म्हणाले मुलाला गाडीतून उचलताना मुलीच्या रक्ताळलेल्या केसांना शर्ट घासला. डाग तेच, कापड तेच. कापड रक्त शोषतं, धाग्यातून पसरवतं, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या डागाचा मूळ आकार राहतच नाही, तरी त्याला दोनदा दोषी ठरवलं आणि २०१३ मध्ये तिसऱ्या खटल्यात तो सुटला. घटनास्थळी सापडलेल्या स्वेटशर्टवरचा डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला होता, आणि त्या माणसाला २००६ मध्येच शिक्षा झाली होती.

२००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने फोरेन्सिकवरच्या अहवालात या विषयातली अनिश्चितता प्रचंड आहे असं स्पष्ट लिहिलं. २०२१ मध्ये ७५ काम करणाऱ्या तज्ज्ञांना खरं उत्तर आधीच माहीत असलेले डाग दाखवले, तर साधारण ११ टक्के उत्तरं चुकली. म्हणजे कोन मोजणं हे गणित आहे, पण डाग शिंतोडा की ठसा हे ठरवणं अजून बरंचसं बघणाऱ्याच्या नजरेवर आहे, आणि त्याला केसची माहिती आधी सांगितली की नजर तिकडेच झुकते.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. डागांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण पंचनाम्यात ‘भिंतीवर रक्ताचे डाग’ एवढंच लिहिलं असेल तर नंतर कोणालाच काही मोजता येत नाही. फोटो समोरून सरळ, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि मृतदेह हलवायच्या आधी काढावे लागतात.