नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘सोसायटीत नॉमिनेशन केलंय ना, मग वडिलांचा फ्लॅट नॉमिनी एकटा विकू शकतो,’ असं सर्रास सांगितलं जातं. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलेलं दिसलं की तसं वाटणं साहजिकच.

पण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १५४ब-१३ काढून वाचा: खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद. मालकी ठरते मृत्युपत्रानं; ते नसेल तर वारसा कायद्यानं. हिंदू वडील मृत्युपत्राविना गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सगळ्यांना सारखा वाटा. लग्न झालेल्या मुलीलाही (हे हमखास विसरलं जातं!).

म्हणून अशा वेळी खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल, तर बँकेचा वकील हेच कागद मागेल.