आधी उपकार, मग विनंती: चिंतेच्या काळातल्या ख्रिस्ती प्रार्थनेची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या घरप्रार्थनेचा क्रम ठरलेला असतो. सतरंजी अंथरायची, दारातल्या चपला बाजूला सारायच्या, ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत म्हणायचं, शास्त्रपाठ वाचायचा. मग पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, विचारतात, "उपकारस्तुतीचे विषय?" विनंत्या त्यानंतर.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी मी असाच बसलो होतो. घरच्या मावशींच्या मुलाची नोकरी नुकतीच गेली होती आणि काकांचं डायलिसिस सुरू होतं. भिंतीपलीकडे यंत्रमागाची खटखट चालू होती, त्यामुळे जो तो जरा आवाज चढवूनच बोलत होता. मावशींची पाळी आली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आज नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी आलं, पण आलं. सगळी भांडी भरून घेतली." विनंत्यांची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना बोलता आलं नाही. त्या नुसत्या रडल्या, आणि बाकीच्यांनी त्यांच्या वतीने विनंती केली.

आधी उपकार आणि मग विनंती हा क्रम कुण्या पाळकाने सोयीसाठी पाडलेला नाही. त्याच्यामागे फार जुना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा संकटात घडलेला आहे.

चिंतेबद्दल बोलताना ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हमखास येणारं वचन म्हणजे फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय चौथा: "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." हे पत्र प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलं. इसवी सन ६० च्या आसपास, रोममधून, असं परंपरा सांगते. ज्यांना लिहिलं ते मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरातले लोक. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा वाचला की या पत्राचं वजन कळतं. याच शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून तुरुंगात टाकलं होतं आणि पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गाणी गात होते आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते. त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरादारासह बाप्तिस्मा घेतला. ‘चिंता करू नका’ हे पत्र त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, मोठ्याने वाचलं गेलं असेल तेव्हा तो ऐकायला बसलेला असू शकतो. मला हा विचार नेहमी थांबवतो.

त्या वचनातला ‘आभारप्रदर्शन’ हा शब्द आपल्याला थोडा फसवतो. आपल्याकडे आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी असतं. पाहुण्यांची भाषणं झाली, हार-तुरे झाले, की कुणीतरी उठून आभार मानतो आणि लोक चहाकडे वळतात. पौलाच्या वाक्यात मात्र ते शेवटी येत नाही. ‘आभारप्रदर्शनासह’, म्हणजे मागणी अजून हातातच आहे, उत्तर आलेलं नाही, तुरुंगाचं दार बंद आहे, आणि त्याच श्वासात आभार.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात याच अर्थासाठी मराठी पवित्र शास्त्राने (बायबलने) दुसरा शब्द वापरला आहे: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." मला हा शब्द जास्त जवळचा वाटतो. मराठीत उपकार फेडायचे असतात, ते अंगावर राहिले तर ओझं होतं. स्तोत्र ११६ मध्ये हाच पेच आहे. परमेश्वराने केलेल्या एवढ्या उपकारांचा उतराई कसा होऊ, असं स्तोत्रकर्ता विचारतो. फेडता येत नाही, म्हणून मग स्तुती.

पौल यहूदी होता आणि प्रार्थना तो स्तोत्रांतून शिकला होता. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे. सुरुवात ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते, तोही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवट गाण्याने होतो. मधे परिस्थिती बदलल्याची एकही ओळ नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. म्हणजे देवापुढे रडायला या परंपरेत पहिल्यापासून जागा होती, आणि उपकारस्तुती त्या रडण्याच्या शेजारीच बसलेली होती.

हे मुद्दाम सांगायचं कारण आहे. चिंता वाटणं म्हणजे अविश्वास, असं अजूनही काही जण बोलून दाखवतात, आणि आधीच खचलेल्या माणसावर अपराधाचं आणखी एक ओझं टाकतात. पौलाने स्वतः करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे की सर्व मंडळ्यांविषयीची चिंता त्याच्यावर रोजचा भार टाकते. मूळ ग्रीकमध्ये तिथे त्याच घराण्यातला शब्द आहे जो फिलिप्पैकरांच्या वचनात आहे. गेथशेमाने बागेत येशू आपल्या शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. त्याच रात्री थोडं आधी, उद्या काय होणार हे ठाऊक असताना, त्याने भाकर हातात घेऊन उपकारस्तुती केली होती. जगभरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला ‘युखारिस्त’ हे नाव पडलं ते त्या कृतीवरून. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार. ज्या माणसाला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, त्याने डॉक्टरकडे जावं, औषध घ्यावं आणि प्रार्थनाही करावी. पौलासोबत फिरणारा लूक वैद्यच होता.

पुढच्या शतकांतल्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर) इथला वृद्ध अध्यक्ष, म्हणजे बिशप, पॉलिकार्प दुसऱ्या शतकात चितेवर चढवला गेला. त्याच्या शेवटच्या प्रार्थनेची जी नोंद राहिली आहे ती आभाराची आहे. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी देवाचे आभार हीच. कॅथलिक मंडळींत ती आजही चालते. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री आपण ज्या उपासनेला जातो, तिचं मूळ अठराव्या शतकातल्या मोरावियन आणि मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या जागरणाच्या रात्रींमध्ये आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रार्थना सप्ताहाचा उगम मात्र आपल्याच देशातला आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. १८५७ चा उठाव आणि त्यानंतरचा रक्तपात ताजा असताना, १८५८ च्या अखेरीस लुधियानातल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केलं की १८६० च्या जानेवारीत एक आठवडा सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी. इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या संघटनेने ती कल्पना उचलली आणि सप्ताह दरवर्षीचा झाला.

त्याच १८६० साली सोलापुरात रेल्वे आली. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे अहमदनगरला रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनने त्या दशकात सोलापुरात काम सुरू केलं. इथली मंडळी जेमतेम उभी राहते आहे तोच १८७६ चा पाऊस गेला. १८७६-७७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याचं काय केलं ते शिरगणतीत दिसतं: १८७२ मध्ये सात लाखांहून जास्त असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये ५ लाख ८२ हजारांवर आली. कुणी मेले, कुणी मुलुख सोडून गेले. आष्टीचा तलाव त्याच दुष्काळी कामांतून झाला. अर्धपोटी माणसांनी वाहिलेल्या मातीचा तो बांध आहे.

या पार्श्वभूमीवर स्तोत्र १२६ वाचावं. रडत पेरणारे हर्षाने कापणी करतील, असं ते म्हणतं. पेरताना रडायचं कशाला, हा प्रश्न शहरात वाढलेल्या माणसाला पडतो. आमच्याकडे रब्बीची ज्वारी हस्ताच्या पावसावर पेरतात. दुष्काळात घरात शेवटची पायली उरलेली असते, पोरं भाकरी मागत असतात, आणि बाप तीच ज्वारी मातीत टाकायला निघतो. त्या पेरणीला डोळे भरून येणारच. पाभरीतून सोडलेला एकेक दाणा म्हणजे पोरांच्या तोंडातला घास. हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात अंजीर फुलत नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, ‘तरी’ तो परमेश्वराच्या ठायी उल्हास करतो. तो ‘तरी’ काय असतो, हे अवर्षणाच्या पट्ट्यातल्या मंडळीला वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. याच रेल्वेमार्गावर पुण्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आणून ठेवलं आणि तिथे ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. शेकडो तोंडं खायला, आणि आवक अनिश्चित. तिथली प्रार्थना रोजच्या धान्याशी बांधलेली होती. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे वाक्य तिथे घोकून म्हणायचं राहिलं नव्हतं. १९०५ मध्ये मुक्तीत जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं, त्याच्याही आधी रोज जमून प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचा गट होता.

मराठी ख्रिस्ती उपकारस्तुतीला तिचा सूर मिळाला तो याच वर्षांत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे १९१९ मध्ये देह ठेवीपर्यंत शेकडो गीतं लिहिली. अभंगाचा छंद, भजनाची चाल, लेकराने आईशी बोलावं तशी भाषा. त्याआधीच नगरच्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं होतं. नाहीतर इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हणताना मराठी माणसाचा घसा मोकळा होत नसे. रडायचं असेल तर आईच्या भाषेत रडता आलं पाहिजे, आणि आभारही तिच्याच भाषेत मानता आले पाहिजेत. टिळकांनी ते शक्य केलं, आणि माझ्या मते मराठी मंडळीवर माणसाने केलेल्या उपकारांत हा फार वरचा आहे.

विसाव्या शतकात सोलापूरची चिंता शेतातून गिरणीकडे सरकली. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, नंतर बाकीच्याही एकेक करून गेल्या. उरले ते यंत्रमाग, चादरी, टॉवेल आणि विड्या वळणारे हात. चर्चमधला हंगामाचा सण मात्र टिकला. ज्याच्याकडे शेत आहे तो कणसं आणतो, नसेल तो दुकानातून डाळिंबं घेऊन येतो. उपासनेनंतर लिलाव होतो. भोपळ्याची किंमत चढत जाते, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की पैसा मंडळीच्या कामाला जायचा आहे. एका वर्षी, पाऊस अजिबात नव्हता तेव्हा, एका शेतकऱ्याने करपलेल्या धाटांची पेंढी वेदीपुढे आणून ठेवली होती. तिचाही लिलाव झाला.

२०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा फोनवरून प्रार्थना सुरू झाल्या. विनंत्यांची यादी रोज लांबत होती, आणि त्यातली काही नावं दुसऱ्या दिवशी सांत्वनाच्या यादीत यायची. तरी क्रम तोच राहिला. "आज घरात कोण कोण बरं आहे, ते आधी सांगा," असं पाळकसाहेब म्हणायचे.

आपल्याकडे ख्रिस्ती घरांच्या दारावर ‘एबेनेझर’ हे नाव बरेचदा दिसतं. बायबलमधल्या ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकात, पलिष्ट्यांशी लढाई झाल्यावर शमुवेलाने एक धोंडा उभा केला आणि म्हणाला, "येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे." एबेनेझर म्हणजे साहाय्याचा धोंडा. पुढचं त्याने काहीच सांगितलं नाही.

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री उपकारस्तुतीच्या दानाची पाकिटं वाचली जात होती. वाढदिवस, पास झालेली परीक्षा, नवी गाडी, सुखरूप बाळंतपण. मावशींचं पाकीट मधेच कुठेतरी आलं. नाव, एकशे एक रुपये, आणि कारण: "डायलिसिस चालू आहे. येथवर." पाळकसाहेबांनी ते जसं लिहिलं होतं तसं वाचलं आणि पुढचं पाकीट उचललं.