विवाहप्रश्नाचे नाटक (स्कँडिनेव्हिया, एकोणिसावे शतक)

नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्कच्या रंगभूमीवर विशेषतः १८७९ ते १८९० या काळात गाजलेला नाट्यप्रवाह. लग्न जुळले की पडदा पाडणारी सुखात्मिका आणि विवाहबाह्य प्रेमाभोवती फिरणारे फ्रेंच वळणाचे नाटक यांना तिथला प्रेक्षक सरावलेला होता. या नाटकांनी रोजचा संसारच मंचावर आणला. घरात पैसा कोणाच्या हाती, सही कोणाची चालते, मुलांवर हक्क कोणाचा आणि बायकोला स्वतःचे मत असू शकते का, हे त्यांचे विषय. हेन्रिक इब्सेन (१८२८–१९०६) हा या प्रवाहाचा प्रमुख नाटककार. ब्यर्नस्टर्ने ब्यर्न्सन (१८३२–१९१०) आणि आउगुस्ट स्ट्रिंडबर्ग (१८४९–१९१२) यांनी कधी त्याच्या बाजूने, तर कधी त्याच्याशी भांडत लिहिले.

नॉर्वेत अविवाहित स्त्रीला १८६३ पासून पुरुषाच्याच वयाला कायद्याने सज्ञान मानले जाई. मात्र लग्न लागताच तिचे हे सज्ञानपण संपे आणि ती नवऱ्याच्या अखत्यारीत येई. त्याच्या संमतीवाचून तिला कर्ज काढता येत नसे. हा कायदा ठाऊक नसला तरी इब्सेनच्या ‘बाहुलीचे घर’ची (१८७९) गोष्ट समजते, पण तिची धार लक्षात येत नाही.

नोरा हेल्मरचा नवरा टोर्वाल्ड लग्नानंतर लवकरच गंभीर आजारी पडतो. त्याला हवापालटासाठी इटलीला नेणे भाग असते. नोरा क्रोग्स्टाड नावाच्या माणसाकडून गुपचूप कर्ज काढते आणि जामीन म्हणून मरणासन्न वडिलांची सही स्वतःच करते. वडील वारले २९ सप्टेंबरला, आणि रोख्यावरच्या सहीखाली तारीख २ ऑक्टोबर! पुढे घरखर्चातून पैसे वाचवून, चोरून नक्कलकाम करून ती हप्ते फेडत राहते. टोर्वाल्ड तिला लाडाने चिमणीपाखरांची, खारीची नावे ठेवतो आणि दात किडतील म्हणून बदामाची बिस्किटे खाऊ देत नाही. गुपित फुटते तेव्हा तो आधी तिला मुले वाढवायला नालायक ठरवतो, लोकांना दाखवण्यापुरती घरात राहा म्हणतो. रोखा परत आल्यावर मात्र लगेच उदारपणे क्षमा करून टाकतो. त्यानंतर नोरा त्याला समोर बसवते. आठ वर्षांच्या संसारात आपण गंभीरपणे एकदाही बोललो नाही, हे ती त्याला दाखवून देते आणि तीन मुलांना मागे ठेवून घर सोडून जाते.

नाटकाबद्दल लिहिणारे बहुधा अखेरीस आपटणाऱ्या दारापाशीच थांबतात. प्रस्तुत लेखकाला टपालपेटी जास्त बोलकी वाटते. क्रोग्स्टाडचे गुपित फोडणारे पत्र काचेतून दिसते, पण पेटीची किल्ली टोर्वाल्डकडेच असते. स्वतःच्या घरात आलेले पत्र बाईला काढता येत नाही. तिची सही जिथे कायद्याला चालत नाही, तिथे किल्लीची गोष्ट वेगळी कशी असणार?

गौण पात्रेही याच प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू दाखवतात. क्रिस्टीन लिंडने आजारी आई आणि दोन धाकटे भाऊ यांच्यासाठी पैसेवाल्याशी लग्न केलेले असते. विधवा झाल्यावर ती कष्ट करून जगते आणि शेवटी क्रोग्स्टाडशी संसार मांडते, पण दोघांनी एकमेकांचे सगळे जाणून घेतल्यावर. दाई आन-मारीने नोराला सांभाळण्याच्या नोकरीपायी स्वतःची मुलगी परक्यांकडे दिलेली असते. नोराला मुले सोडून जाता येते, कारण ती या दाईच्या हाती असतात. गरीब बाईच्या त्यागाकडे टीकाकारांचे फार काळ लक्ष गेले नाही.

कथानकाला खऱ्या घटनेचा आधार होता. इब्सेनच्या ओळखीची लेखिका लॉरा कीलर हिने क्षयाने आजारी नवऱ्यासाठी कर्ज काढले होते आणि ते फेडताना लबाडीचा मार्ग धरला होता. नवऱ्याने तिला मुलांपासून तोडले व काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. ती पुढे त्याच्याकडेच परतली. आपले आयुष्य जगजाहीर झाल्याचे शल्य तिला कायम राहिले, आणि ते अगदी रास्त होते. इब्सेनने १८७८च्या ऑक्टोबरात रोममध्ये केलेल्या टिपणात, पुरुषांनी केलेल्या कायद्यांच्या आणि पुरुषी नजरेने न्याय करणाऱ्या समाजात स्त्रीला स्वतःसारखे राहता येत नाही, असा विचार मांडला आहे. त्याच रोममध्ये १८७९च्या आरंभी त्याने स्कँडिनेव्हियन मंडळाच्या सभांत स्त्रियांना मताधिकार द्यावा असा प्रस्ताव आणला. तो थोडक्यात पडला.

नाटक ४ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनला छापून आले. ८,००० प्रतींची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. २१ डिसेंबरला तिथल्याच रॉयल थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. नोरा होती बेटी हेनिंग्स. जर्मनीत हेडविग नीमान-राबे या नटीने, आपण मुले टाकून कधीच गेलो नसतो, असे सांगून शेवट बदलून मागितला. तिथे परदेशी नाटकाला कायद्याचे संरक्षण नसल्याने दुसऱ्या कोणी मोडतोड करण्याआधी इब्सेनने स्वतःच पर्यायी शेवट लिहिला. त्यात टोर्वाल्ड नोराला झोपलेल्या मुलांच्या दारापर्यंत नेतो आणि ती तिथेच कोसळते. या शेवटाला त्याने स्वतः रानटी अत्याचार म्हटले. इंग्लंडात १८८४ साली आधी एक सौम्य रूपांतर आले. मूळ नाटक लंडनमध्ये १८८९ साली जॅनेट अचर्चच्या भूमिकेसह झाले.

नवऱ्याला सोडून जाणे पटत नसेल तर राहण्याची किंमत पाहा, असे ‘भुते’ (१८८१) या पुढच्या नाटकातून इब्सेनने जणू बजावले. त्यातली श्रीमती आल्विंग व्यसनी नवऱ्याला सोडून निघते, धर्मोपदेशक तिला कर्तव्याची आठवण देऊन परत पाठवतो, आणि परिणाम मुलाला भोगावे लागतात. स्कँडिनेव्हियन नाट्यगृहांनी ते नाकारले. पहिला प्रयोग १८८२ साली शिकागोत स्थलांतरितांपुढे झाला. ‘सागरकन्या’त (१८८८) उलट वळण आहे. नवरा एलिडाला स्वतःच्या जबाबदारीवर निवड करायला मोकळे करतो आणि म्हणूनच ती राहते.

ब्यर्न्सनच्या ‘हातमोजा’ने (१८८३) निराळी मागणी पुढे केली. वाङ्‌निश्चय झालेल्या स्वावाला भावी नवऱ्याचे पूर्वीचे संबंध कळतात; वधूकडून जे शुचित्व अपेक्षिले जाते तेच वराकडूनही ती मागते आणि हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. स्ट्रिंडबर्गला हे सारे रुचले नाही. ‘पिता’ (१८८७) नाटकात मुलीच्या शिक्षणाचा निर्णय कायद्याने बापाचा असतो. मूल आपलेच कशावरून, हा संशय पेरून बायको त्याला वेडा ठरवते. हे नाटक स्त्रीद्वेषी आहेच. पण हक्क नसलेल्या माणसाला कावेबाजपणाच उरतो, हेही त्यातून नकळत सिद्ध होते.

विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता असावी, या १८८४च्या अर्जावर इब्सेन व ब्यर्न्सन दोघांच्या सह्या होत्या. याबाबत पुरुषांचे मत घेणे म्हणजे मेंढ्यांच्या संरक्षणाबद्दल लांडग्यांना विचारणे, असे इब्सेनने लिहिले. नॉर्वेत १८८८ साली विवाहितेला सज्ञानपण मिळाले. मात्र १८९८ साली स्त्रीहक्क संघटनेने सत्कार केला, तेव्हा आपण जाणूनबुजून स्त्रियांच्या चळवळीसाठी लिहिले नाही, माणसाचे चित्रण केले, असे तो म्हणाला.

त्या शतकाच्या अखेरीस मराठी रंगभूमी विवाहाच्या आधीच्याच प्रश्नाशी झुंजत होती. ‘संगीत शारदा’त (१८९९) पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी वाचते ती वर सगोत्र निघाल्यामुळे. नॉर्वेजियन नाटकांपैकी मराठीत ठसा उमटला तो आधी ब्यर्न्सनचा. नाट्यमन्वंतरने १९३३ साली सादर केलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे ‘हातमोजा’वर आधारलेले होते, आणि त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. अनंत काणेकरांनी ‘बाहुलीचे घर’चे ‘घरकुल’ हे रूपांतर केले ते १९४१ साली.