शेळीचा धान्ययुक्त आहार आणि पोटातील जिवाणू

शेळीने खाल्लेला पाला, कडबा आणि धान्य यांचे बरेचसे पचन तिच्या स्वतःच्या पाचकरसांनी होत नाही. ते काम तिच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, राहणारे जिवाणू, आदिजीव (प्रोटोझोआ) आणि बुरशी करतात. आहारात मका, गहू, ज्वारी, बाजरी अशा धान्याचे प्रमाण वाढले की या सूक्ष्मजीवांच्या वस्तीची रचना बदलते आणि कोठीपोटातली आम्लता वाढते. हा बदल एकदम झाला तर शेळी काही तासांत आजारी पडते, प्रसंगी दगावते. बंदिस्त शेळीपालन, दुधाळ शेळ्यांचा खुराक आणि बकरी ईदसाठी बोकड पोसणे या तिन्ही ठिकाणी हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे.

शेळीच्या जठराचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांतले सर्वांत मोठे कोठीपोट शरीराच्या डाव्या बाजूला असते. तिथे प्राणवायू जवळपास नसतो, तापमान ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. चाऱ्याचे किण्वन करून, म्हणजे तो आंबवून, ते अॅसेटिक, प्रोपियॉनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. कोठीपोटाच्या भिंतीतून ही आम्ले रक्तात शोषली जातात आणि शेळीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतूनच मिळतो. पुढे हेच जिवाणू खऱ्या पोटात व लहान आतड्यात पचतात आणि शेळीला प्रथिने पुरवतात. थोडक्यात, शेळीला चारा घालणे म्हणजे आधी तिच्या जिवाणूंना चारा घालणे होय.

पाला-चाऱ्यावर असलेल्या शेळीच्या कोठीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ६.२ ते ६.८ असतो. तो टिकवण्याचे मुख्य साधन म्हणजे लाळ. रवंथ करताना शेळी भरपूर लाळ गिळते आणि लाळेतले बायकार्बोनेट व फॉस्फेट आम्लाचा जोर कमी करतात. रवंथ होण्यासाठी चाऱ्यात लांब, खरखरीत तंतू लागतात. भरड्यात ते नसतात. त्यामुळे धान्य वाढते तेव्हा एकीकडे आम्ल जास्त तयार होते आणि दुसरीकडे ते मारणारी लाळ कमी पडते. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या दुहेरी ओढाताणीत आहे.

धान्य बेताने आणि हळूहळू वाढवले, तर वस्ती नव्या अन्नाशी जुळवून घेते. सेल्युलोज फोडणारे फायब्रोबॅक्टर सक्सिनोजिनीस, रुमिनोकॉकस अल्बस आणि रुमिनोकॉकस फ्लेवफेसिएन्स यांचा वाटा घटतो. स्टार्च आणि साखरेवर वाढणाऱ्या जिवाणूंचा वाटा वाढतो. अॅसेटिक आम्लाच्या तुलनेत प्रोपियॉनिक आम्ल जास्त तयार होते. त्यापासून शेळीचे यकृत ग्लुकोज बनवते, म्हणून वजन आणि दूध वाढते. प्रोपियॉनिक आम्ल तयार होताना हायड्रोजन वापरला जातो, त्यामुळे मिथेन वायूही कमी निघतो. धान्याची जमेची बाजू ही आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र सामू ६ च्या खाली जाऊ लागला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. मग शेळीपुढे चांगला कडबा असला तरी तिला त्यातून कमी मिळते. दुधाची फॅटही उतरू शकते, पण शेळीत ही घट गाईइतकी तीव्र नसते.

करडांच्या बाबतीत तर धान्य उपयोगीच ठरते. दूध पिणाऱ्या करडाचे कोठीपोट लहान व अविकसित असते. आईच्या चाटण्यातून आणि आसपासच्या चाऱ्यातून त्यात जिवाणू येतात. थोडा थोडा खुराक खाल्ल्यावर तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लामुळे कोठीपोटाच्या आतल्या बारीक अंकुरांची वाढ होते. मोठ्या शेळीतही हे अंकुर धान्याच्या आहाराशी जुळवून घेतात, पण त्याला काही आठवडे लागतात. जिवाणूंची वस्ती स्थिरावायला साधारण दोन ते तीन आठवडे जातात. नुकसान बहुतेक वेळा होते ते याच काळाची घाई केल्याने.

दावे सुटलेली शेळी खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीला लागते, किंवा लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या कोणीतरी प्रेमाने तिच्यापुढे ओततात. अशा वेळी कोठीपोटात स्टार्चचा पूर येतो. स्ट्रेप्टोकॉकस बोविस हा जिवाणू एरवी संख्येने कमी असतो, पण साखर मुबलक मिळाली की त्याची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकते. सामू उतरू लागला की तो इतर आम्ले सोडून मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवू लागतो, आणि हे आम्ल कोठीपोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा बरेच तीव्र असते. मेगास्फेरा एल्सडेनी आणि सेलेनोमोनास रुमिनँटियम हे जिवाणू लॅक्टिक आम्ल वापरून टाकतात, पण धान्याची सवय नसलेल्या शेळीत त्यांची संख्या अपुरी असते. सामू ५ च्या आसपास आला की स्ट्रेप्टोकॉकसही मागे पडतो आणि आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस जोर धरतात. तोवर आदिजीव मेलेले असतात. एन्टोडिनियम गटातले आदिजीव स्टार्चचे कण गिळून ठेवतात आणि किण्वनाचा वेग रोखतात. ते गेल्यावर ती आडकाठीही उरत नाही.

मेंढ्यांना जादा धान्य देऊन कोठीपोटातले हे बदल टप्प्याटप्प्याने पाहण्याचे काम अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. आजही या आजाराचे विवेचन तिथूनच सुरू होते.

आजारी शेळी आधी चारा सोडते आणि रवंथ थांबवते. ती दात खाते, पोटाकडे वळून बघते. डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) भरलेली दिसते आणि मुठीने हलवल्यास आत पाणी खळखळते. कारण कोठीपोटातल्या द्रवाची तीव्रता वाढल्याने रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते. त्यामुळे पोट पाण्याने भरलेले असताना शेळीचे डोळे मात्र खोल जातात. लेंड्यांच्या जागी आंबूस वासाची पातळ हगवण लागते आणि तिच्यात न पचलेले दाणे दिसतात. पुढे रक्तातली आम्लता वाढते, पाय लटपटतात, शेळी आडवी होते. यातून वाचलेल्या काही जनावरांत कोठीपोटाच्या सुजलेल्या भिंतीतून जिवाणू यकृतात पोहोचतात आणि तिथे गळवे होतात. काहींचे खूर दुखू लागतात. काहींच्या कोठीपोटात थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे जिवाणू वाढतात आणि मेंदूला इजा होते. अशी शेळी मान मागे टाकून आकाशाकडे बघत राहते, तिला दिसेनासे होते. वेळेत ब१ ची इंजेक्शने मिळाली तर ती सावरू शकते.

याहून जास्त वेळा आढळणारा आणि डोळ्यांआड राहणारा प्रकार म्हणजे सौम्य, दीर्घकाळ चालणारी आम्लता. सामू रोज काही तास ५.८ ते ५.५ च्या पट्ट्यात जातो आणि पुन्हा सावरतो. शेळी मरत नाही, फक्त कधी खाते कधी खात नाही, लेंड्या मऊ होतात आणि वजन खुराकाच्या खर्चाच्या मानाने वाढत नाही. या अवस्थेत जिवाणूंची विविधता घटते. ग्रॅम-ऋण या गटातले जिवाणू फुटून त्यांच्या भिंतीतले विषारी लिपोपॉलिसॅकराइड मोकळे होते आणि शरीरात सूज निर्माण करते.

या विषयावरचे बहुतेक लेखन कोठीपोटापाशी थांबते. खरे तर पुढच्या आतड्यांतही तितकेच घडते. धान्य जास्त असेल तर काही स्टार्च न पचता अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) व मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथेही किण्वन होते, पण तिथे लाळ नाही, आदिजीव नाहीत आणि आतले अस्तर नाजूक आहे. चीनमधील नानजिंग कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी शेळ्यांना धान्यबहुल आहार देऊन केलेल्या प्रयोगांत अंधनालातला सामू उतरलेला, जिवाणूंची रचना बदललेली आणि अस्तराला इजा झालेली आढळली. लहान आतड्यातली गोष्ट आणखी धोक्याची आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडा असतो. स्टार्च मिळाला की तो वेगाने वाढून विष तयार करतो. हाच आंत्रविषार. महाराष्ट्रात त्याची लस सहसा पावसाळ्याच्या तोंडावर टोचतात. शेळ्यांत या लसीचे संरक्षण मेंढ्यांपेक्षा कमी काळ टिकते, म्हणून बूस्टर चुकवणे महागात पडते.

शेळीचा मूळ स्वभाव तिला थोडेफार वाचवतो. ती गवतावर मान घालून चरणारी नाही. बोरी-बाभळीचा शेंडा, पाला, शेंगा असे निवडून, थोडे थोडे, दिवसभर खाते. तिच्या पोटातली वस्तीही त्या त्या प्रदेशातल्या झाडपाल्याला सरावलेली असते. हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात सुबाभळीतल्या मिमोसिन या घटकापासून बनणारे विष फोडणारे जिवाणू सापडले. १९८० च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडण्यात आले आणि ती जनावरे सुबाभूळ निर्धोक खाऊ लागली. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी गोठ्यात बांधून दिवसातून दोनदा भरड्याचे टोपले पुढे ठेवले, की निवडून आणि थोडे थोडे खाण्याची ही सवयच मोडते.

सगळी धान्ये सारखी वागत नाहीत. गहू आणि बार्ली कोठीपोटात लवकर फुटतात. मका आणि ज्वारीतला स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेला असल्याने सावकाश फुटतो. पीठ जितके बारीक, तितके आम्ल लवकर. म्हणून जाडा भरडा बरा. शिजवलेला भात कच्च्या धान्याहून लवकर आंबतो. खुराक दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा, दिवसाचा वाटा दोन-तीन वेळांत विभागावा आणि आधी सुका चारा, मग भरडा हा क्रम ठेवावा. कळपात दांडग्या शेळ्या दुबळ्यांचा वाटाही खातात, त्यामुळे गव्हाणीत सर्वांना पुरेशी जागा हवी. जास्त धान्यावर असलेल्या बोकडांच्या खुराकात सुमारे १ टक्का खाण्याचा सोडा मिसळतात.

धान्य जास्त खाल्ल्याचे कळताच उरलेले धान्य काढून घ्यावे, फक्त सुका चारा ठेवावा आणि लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. उपचारात सोडा पाजणे, शिरेतून द्रव देणे आणि गंभीर प्रकरणात कोठीपोट उघडून ते रिकामे करणे यांचा समावेश होतो. त्यानंतर निरोगी शेळीच्या कोठीपोटातला ताजा द्रव गाळून, कोमट असतानाच आजारी शेळीला पाजतात. त्यातून तंतू पचवणारे जिवाणू आणि आदिजीव पुन्हा रुजतात आणि भूक परत येते.